परसातल्या बदकांसाठी आणि कोंबड्यांसाठी आंबवलेलं खाद्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराच्या मागे चार-सहा बदकं किंवा दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः बरीच वर्षं बदकांना आंबवलेलं खाद्य घालतो आहे. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, विशेषतः बुरशीचं. ते मात्र शेवटपर्यंत वाचा.

आंबवलेलं खाद्य म्हणजे भिजवलेलंच ना?

नाही. भिजवलेलं खाद्य म्हणजे पाणी पिऊन मऊ झालेले दाणे, एवढंच. आंबवलेल्या खाद्यात त्यापुढचं काम जिवाणू करतात. दाण्यांवर मुळातच असलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू पाण्याखाली, हवेपासून दूर राहिले की जोमाने वाढतात आणि धान्यातली साखर खाऊन आम्ल बनवतात. दुधाचं दही होतं तेव्हा हीच जमात कामाला लागलेली असते. आम्ल वाढलं की खाद्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण सहावरून साडेचारच्या खाली उतरतो. तिथे रोगजंतूंना वाढणं अवघड होतं आणि खाद्य टिकतं.

मोड आणणं ही आणखी वेगळी गोष्ट. मोडांना हवा लागते, आंबवण्यात हवा नको असते. एकाच भांड्यात दोन्ही साधायला गेलं की दोन्ही बिघडतं.

याचा खरंच उपयोग होतो, की नुसतंच खूळ आहे?

उपयोग होतो. पण ज्या पैजेवर लोक तो सांगतात, तेवढा नाही. मला खात्रीने सांगता येतील अशा गोष्टी या आहेत.

पहिली गोष्ट फॉस्फरसची. धान्यात आणि पेंडीत असलेल्या फॉस्फरसचा सुमारे दोन तृतीयांश भाग फायटेट नावाच्या रूपात अडकलेला असतो. पक्ष्यांच्या आतड्यात तो मोकळा करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, फारच कमी. त्यामुळे तो तसाच विष्ठेतून बाहेर पडतो, आणि जाताना जस्त, लोह, कॅल्शियम यांनाही धरून नेतो. गव्हासारख्या धान्यात फायटेट तोडणारं विकर स्वतःचंच असतं, पण कोरड्या दाण्यात ते झोपलेलं असतं. पाणी आणि सौम्य आंबटपणा मिळाला की ते जागं होतं. मक्यात हे विकर कमी असतं, म्हणून नुसत्या मक्याच्या खाद्यात हा फायदाही कमीच दिसतो.

दुसरी गोष्ट आम्लाची. आंबट खाद्य पोटात गेलं की पचनमार्गाच्या वरच्या भागातली आम्लता वाढते आणि साल्मोनेलासारख्या जंतूंना तिथे पाय रोवणं कठीण जातं. याचा अर्थ खुराडं घाण ठेवलं तरी चालेल असा नाही.

तिसरी गोष्ट साधी आणि डोळ्यांना दिसणारी. पीठ उडत नाही, सांडलेला भरडा मातीत जात नाही, पक्षी बारीक कणांसकट सगळं खातात. खाद्याची जी बचत लोक सांगतात, तिचा बराच भाग माझ्या मते इथून येतो. ‘निम्म्या खाद्यात भागतं’ असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. आंबवल्याने खाद्यात प्रथिनं नव्याने तयार होत नाहीत. अंड्यांची संख्या, वजन, कवचाची मजबुती यांबद्दलही ठाम वचन देता येणार नाही. कुठे फरक दिसतो, कुठे नाही. मूळ खाद्य कसं आहे, यावर ते अवलंबून असतं.

एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: चांगलं खाद्य आंबवल्याने अधिक चांगलं होतं. खराब खाद्य आंबवल्याने चांगलं होत नाही.

बदकांना हे खाद्य जास्त मानवतं, असं का म्हणतात?

कारण बदकाची चोचच ओल्या खाद्यासाठी बनलेली आहे. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी चोचीत घ्यायचं, बाहेर सोडायचं आणि अन्न गाळून ठेवायचं, ही त्याची खाण्याची रीत. कोरडा भरडा समोर ठेवला की तो ओल्या चोचीला लगद्यासारखा चिकटतो. मग बदक पळत पाण्याकडे जातं, चोच धुतं, परत येतं. या येरझाऱ्यांत बरंचसं खाद्य पाण्याच्या भांड्याच्या तळाशी जाऊन सडतं. शिवाय कोंबडीसारखी ठळक अन्नपिशवी बदकाच्या गळ्यात नसते. तिथे अन्ननलिकाच थोडी फुगलेली असते. कोरडं खाद्य भराभर गिळलं की ठसका लागतो.

सरसरीत आंबवलेलं खाद्य बदक सरळ उपसून खातं. अर्थात पाणी जवळ हवंच. खाद्य ओलं आहे म्हणून पाणी काढून घेऊ नका. चोच आणि नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी बदकाला खाताना लागतंच.

करायचं कसं?

भांड्यात एका दिवसाचं खाद्य मोजून घाला. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, कारण दाणे फुगतात आणि बुडबुड्यांनी सगळं वर येतं. त्यावर साधं पाणी ओता. ढवळा. चार-पाच तासांनी परत बघा. दाण्यांनी पाणी पिऊन टाकलेलं असेल, तर पुन्हा भर घाला. खाद्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे. वर झाकण ठेवा, पण घट्ट लावू नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि बंद काचेची बरणी त्या दाबाने फुटू शकते.

दिवसातून दोनदा स्वच्छ, कोरड्या पळीने ढवळा. ढवळण्याचा हेतू हवा घालणं हा नाही. वर तरंगणारे दाणे आणि कोंडा पुन्हा पाण्याखाली जावा, यासाठी ते आहे. जे पाण्याबाहेर राहतं, तिथेच बुरशी धरते.

सावलीत, २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात, तीन दिवसांत खाद्य तयार होतं. मग चाळणीवर निथळून द्या.

रोज ताजं मिळावं म्हणून मी तीन भांडी फिरवतो. आजचं, उद्याचं, परवाचं. जे रिकामं होतं, ते धुऊन लगेच पुन्हा भरायचं. एकाच मोठ्या पिंपातून रोज काढायचं आणि रोज वरून कोरडं खाद्य टाकायचं, अशीही पद्धत आहे. ती सोपी वाटते, पण त्यात तळाशी किती जुनं खाद्य साचलं आहे, हे कळेनासं होतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तीन भांड्यांचीच वाट धरावी.

पाण्याचं प्रमाण किती?

दळलेल्या भरड्याला वजनाच्या साधारण दीडपट. एक किलोला दीड लिटरने सुरुवात करा. अख्खे दाणे त्याहून कमी पाणी पितात, पण बुडून राहण्यासाठी तेवढं लागतंच. मात्र प्रमाणापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. वर पाणी दिसतंय का? दिसत नसेल तर घाला.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येत असेल, तर ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मग वापरा.

भांडं कोणतं घ्यावं?

काच, अन्नासाठी बनवलेलं जाड प्लॅस्टिक, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील. जस्ताचा मुलामा दिलेली बादली अजिबात नको. आम्लात जस्त विरघळतं आणि जस्ताची विषबाधा पक्ष्यांना चटकन होते. तांबं, पितळ आणि अॅल्युमिनियमही टाळा. रंगाचं किंवा औषधाचं रिकामं पिंप कितीही धुतलेलं असलं, तरी नको.

विरजण लावावं लागतं का? व्हिनेगर चालेल? मीठ?

विरजण नसलं तरी खाद्य आंबतं, फक्त सुरुवात सावकाश होते. आणि तो पहिला दिवस जरा नाजूक असतो. आम्ल अजून तयार झालेलं नसतं, पाणी कोमट असतं, आणि चांगल्या जिवाणूंबरोबर नको असलेलेही वाढत असतात. आम्ल चढलं की ते मागे पडतात. म्हणून अर्धवट आंबलेलं, दीड दिवसाचं खाद्य मी कधी घालत नाही. एक तर नुकतंच ओलं केलेलं घालावं, नाही तर पूर्ण आंबलेलं.

हा नाजूक काळ कमी करायचा सोपा उपाय म्हणजे मागच्या चांगल्या खेपेचं पाणी. किलोभर खाद्याला एक-दोन वाट्या पुरतात. पहिल्याच वेळी करत असाल, तर जिवंत विरजण असलेल्या दह्यावरचं पाणी दोन चमचे घाला. पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्यांचं खाद्य आंबवायचं असेल, तर विरजण जरूर लावा. त्या गोळ्या तयार होताना उष्णता लागते, आणि दाण्यांवरचे जिवाणू तिथेच बरेचसे मेलेले असतात.

व्हिनेगर हे विरजण नाही. त्यात आम्ल असतं, पण आपल्याला हवे ते जिवाणू नसतात. थोडं घातल्याने बिघडत नाही, घालायची गरजही नाही.

मीठ घालू नका. लोणच्यात मीठ असतं म्हणून इथेही घालावं, असं अनेकांना वाटतं. पण पक्ष्यांना, आणि पिल्लांना तर फारच, जास्त मीठ बाधतं. तयार खाद्यात लागेल तेवढं आधीच असतं.

खाद्य तयार झालं, हे कसं ओळखायचं?

नाकाने. आंबट दह्यासारखा, किंचित गोडसर, स्वच्छ वास आला पाहिजे. ढवळल्यावर बारीक बुडबुडे वर येतात, पाणी गढूळ दुधी होतं.

पाव किंवा दारूसारखा वास येत असेल, तर यीस्टने बाजी मारली आहे. वास हलका असेल तर खाद्य द्यायला हरकत नाही, पण पुढच्या खेपेला ते पाणी विरजण म्हणून वापरू नका. वास भपकन नाकात शिरत असेल, तर टाकून द्या. कुजलेल्या मांसासारखा, सांडपाण्यासारखा किंवा वांतीसारखा वास आला, तर विचार करत बसू नका. सगळं टाका, भांडं गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, उन्हात वाळवा.

नाकावर विश्वास बसेपर्यंत सामू मोजायच्या कागदी पट्ट्या वापरा. आकडा ४ ते ४.५ च्या दरम्यान हवा. ४.६ च्या खाली बोट्युलिझमचा जिवाणू वाढू शकत नाही, आणि बदकं त्या रोगाला सहज बळी पडतात. मान लुळी पडते, पाय चालत नाहीत, बदक बुडून मरतं. हा रोग बहुतेक वेळा कुजलेल्या मेलेल्या प्राण्यांतून आणि त्यांवरच्या अळ्यांतून येतो. त्यामुळे परसातल्या डबक्याकडेही लक्ष असू द्या.

वर पांढरा थर आला आहे. टाकून देऊ?

आधी नीट बघा. पातळ, सपाट, दुधाच्या सायीसारखा सुरकुतलेला पांढरा थर असेल, तर ते यीस्ट आहे. थर काढून टाका, खाली वास स्वच्छ असेल तर खाद्य वापरा. पाणी कमी पडलं होतं किंवा ढवळणं राहिलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

पण थर कापसासारखा केसाळ असेल, किंवा त्यात हिरवा, निळा, काळा, गुलाबी रंग दिसत असेल, तर ती बुरशी आहे. तेव्हा वरचं काढून खालचं वापरायचं नाही. सगळं टाकायचं, आणि ते पक्षी उकरणार नाहीत असं टाकायचं.

बदकं पाळणाऱ्यांनी हे कोंबड्या पाळणाऱ्यांपेक्षा जास्त गांभीर्याने घ्यायला हवं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. कारण कळेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स रोग’ असं नाव पडलं. बदकांची पिल्लंही मरत होती. शोध घेत गेल्यावर सगळं खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत येऊन थांबलं. त्या पेंडीवर अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिने तयार केलेलं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. हे विष पाळीव पक्ष्यांत सगळ्यात लवकर बाधतं ते बदकाच्या पिल्लांना. इतकं, की पुढे प्रयोगशाळेत हे विष तपासायला बदकाची पिल्लंच वापरली जात असत.

आता मुद्दा असा, की अफ्लाटॉक्सिन शिजवून जात नाही, भिजवून जात नाही, आणि घरच्या भांड्यात आंबवूनही जाईल असा भरवसा धरता येत नाही. बुरशी मेली तरी तिचं विष मागे राहतं. गोदामात ओल लागलेला मका, कुबट वासाची पेंड, गाठी झालेला भरडा ‘आंबवून संपवू’ हा विचार मनात आला, तर तो तिथेच थांबवा. आंबट वास कुबट वासाला झाकतो, म्हणून तर हे जास्त धोक्याचं. खाद्य कोरडं असतानाच हातात घेऊन हुंगा. माझ्याकडे एका पोत्याला तळाशी ओल लागली होती. वरचं सगळं छान दिसत होतं, तरी मी ते पोतं बदकांना घातलं नाही, आणि त्याबद्दल कधी हळहळ वाटली नाही.

कोणतं खाद्य आंबवावं आणि कोणतं नाही?

तयार संतुलित खाद्य, भरडा, गोळ्या, अख्खी किंवा भरडलेली धान्यं, सगळं आंबतं. गोळ्यांचा लगदा होतो, तो बदकांना आवडतो. जव आणि ओट्स घातले तर मिश्रण चिकट, बुळबुळीत होतं. तो त्यांच्यातल्या बीटा-ग्लुकन नावाच्या चिकट तंतूचा गुण आहे, बिघाड नाही. पण प्रमाण थोडंच ठेवा.

नुसती धान्यं आंबवून तेवढ्यावर पक्षी ठेवू नका. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. अंड्यावर असलेल्या, म्हणजे अंडी देणाऱ्या, पक्ष्याला खाद्यात साधारण १६ टक्के प्रथिनं लागतात, आणि गहू-मक्यात ती तेवढी नसतात. कितीही आंबवलं तरी नसतात.

लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या पक्ष्यांचं खाद्य, आंबायला वेळ लावतं. त्यात चुनखडी बरीच असते, आणि चुनखडी तयार होणारं आम्ल खाऊन टाकते. बुडबुडे खूप येतात, पण सामू उतरत नाही. अशा वेळी विरजण जास्त लावा आणि एक दिवस जास्त थांबा. स्वतः मिश्रण करत असाल, तर शिंपल्यांचा चुरा आंबवणात घालूच नका. तो वेगळ्या वाटीत कोरडा ठेवा. ज्याला लागतो, तो पक्षी आपणहून खातो. नर बदकांना आणि वाढत्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम नकोच असतं, त्यांच्या मूत्रपिंडावर त्याचा ताण येतो.

यीस्टची पूड, जीवनसत्त्वांची पावडर, माशांचं तेल हे सगळं देताना वरून मिसळा, आंबवताना नाही.

आता जे आंबवायचंच नाही ते. औषध मिसळलेलं खाद्य नको. त्यात प्रतिजैविक असेल तर जिवाणूच मरतील, आणि औषधाची मात्रा कोरड्या खाद्यावर बेतलेली असते. पेरणीसाठी औषध चोळलेलं बियाणं नको, ते सरळ विष आहे. कच्चं सोयाबीन आणि कच्चा राजमा नको. त्यांतले अपायकारक घटक उष्णतेने जातात, दोन दिवसांच्या आंबटपणाने नाही. शिळं शिजवलेलं अन्न, मांस, तेलकट किंवा खारट काहीही या भांड्यात नको.

रोज किती घालायचं?

मोजमाप कायम कोरड्या वजनावर करा. मध्यम अंगाचं अंडी देणारं बदक दिवसाला साधारण १५० ते १८० ग्रॅम कोरडं खाद्य खातं, अंड्यावरची कोंबडी ११० ते १२० ग्रॅम. आंबल्यावर हेच वजन दुपटीच्या वर जातं. ते वाढलेलं वजन पाण्याचं आहे. तराजूवर १५० ग्रॅम ओलं खाद्य टाकून ‘झालं’ म्हणाल, तर पक्षी उपाशी राहतील आणि अंडी कमी होतील.

दोन वेळा द्या, तासा-दीड तासात संपेल एवढंच. महिन्यातून एकदा पक्ष्याला हातात घेऊन छातीचं हाड चाचपून पहा. हाड धारदार लागत असेल तर खाद्य कमी पडतंय.

पिल्लांना कधीपासून द्यावं?

पहिल्या आठवड्यात मी देत नाही. काही जण पहिल्या दिवसापासून देतात आणि त्यांची पिल्लं चांगली वाढतात. पण ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या जागेत, ३० अंशांच्या वर ऊब असते, तिथे ओलं खाद्य काही तासांत बिघडतं. शिवाय बदकाची पिल्लं त्यात पाय घालतात, अंग भरवून घेतात, गारठतात. पहिला आठवडा स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं, खाद्य साध्या पाण्याने ताजं ताजं ओलं करून द्यावं. दुसऱ्या आठवड्यापासून थोडं आंबवलेलं, दोन तासांत उरलेलं उचलायचं. सांडलेलं अंथरुणात राहू देऊ नका. ओल्या अंथरुणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू पिल्लांच्या फुप्फुसात जातात, आणि तो आजार बरा होणं फार कठीण.

बदकाच्या पिल्लांना नायसिन हे ‘ब’ गटातलं जीवनसत्त्व जास्त लागतं, दर किलो खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात ते त्याहून कमी असू शकतं. कमी पडलं की घोटे सुजतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू बसूनच राहतं. आंबवल्याने ही कमतरता भरून निघेल असं धरून चालू नका. नायसिन असलेलं सुकं यीस्ट खाद्यावर भुरभुरा. पाय वाकल्याचं लक्षात येताच पशुवैद्याला विचारा, आठवडाभर वाट पाहू नका.

पक्षी तोंडच लावत नाहीत. काय करू?

बदकं सहसा लगेच खातात, कोंबड्या मात्र नव्या गोष्टीकडे संशयाने बघतात. रोजच्या कोरड्या खाद्यात पहिल्या दिवशी मूठभर मिसळा, आठवड्या-दहा दिवसांत प्रमाण वाढवत न्या. कोंबड्यांना खूप पातळ आवडत नाही, त्यांच्यासाठी चांगलं निथळून घ्या. अचानक सगळं बदललं तर त्या दोन-तीन दिवस कमी खातात आणि अंडी कमी होतात. ‘भुकेल्या की खातील’ असं करू नका.

ओलं खाद्य सगळ्यांना एकदमच हवं असतं, म्हणून धक्काबुक्की होते आणि दुबळा पक्षी मागे राहतो. एका खोल भांड्याऐवजी लांबट उथळ भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा.

उन्हाळ्यात आणि थंडीत काय फरक पडतो?

३० अंशांच्या वर खाद्य दीड-दोन दिवसांतच तयार होतं आणि तितक्याच वेगाने पुढे जाऊन बिघडतं. लहान खेपा करा. तयार झालेलं थंड जागी हलवा, जमलं तर फ्रिजमध्ये. तिथे आंबणं जवळजवळ थांबतं. १५ अंशांच्या खाली चार-पाच दिवस किंवा जास्तही लागू शकतात, तेव्हा भांडं घरात आणा. गोठवणाऱ्या थंडीत ओलं खाद्य भांड्यात दगड होतं, म्हणून पंधरा मिनिटांत संपेल एवढंच द्या आणि बाकी कोरडं ठेवा.

टर्की, लाव्हे, पाळीव हंस यांना चालतं का?

चालतं. लाव्ह्यांसाठी बारीक दळलेलं, घट्टसर आणि अगदी थोडं. हंसाचं मुख्य अन्न गवत, त्याला हे पूरक म्हणून. टर्कीच्या पिल्लांना सुरुवातीला २८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, तेव्हा कोणतं खाद्य आंबवता आहात ते बघा. अख्खे दाणे देत असाल, तर सगळ्यांनाच बारीक खडी लागते. दाणे दळणारी जात्यासारखी पिशवी त्यांच्या पोटात असते, पण जात्याला दगड लागतातच.

कोंबडीच्या गळ्यातली अन्नपिशवी यामुळे आंबते का?

निरोगी कोंबडीची नाही. अन्नपिशवी आंबते ती बहुधा ती रिकामी होत नाही म्हणून. लांब गवत अडकलेलं असतं, प्रतिजैविकं दिलेली असतात, मग तिथे कॅन्डिडा नावाचं यीस्ट माजतं. सकाळी खाद्य देण्याआधी चाचपून पहा. रात्रभरात पिशवी रिकामी व्हायला हवी. फुगलेली, पाण्याच्या फुग्यासारखी लागत असेल आणि तोंडाला आंबट वास येत असेल, तर आंबवलेलं खाद्य बंद करून पशुवैद्य गाठा. पक्ष्याला उलटं धरून पिशवी पिळण्याचा उपाय करू नका, पाणी श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो.

निथळलेल्या पाण्याचं काय करायचं?

टाकू नका. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्यातच उतरलेली असतात. एक-दोन वाट्या पुढच्या खेपेला विरजण, उरलेलं बदकांच्या खाद्यात परत. मात्र काही आठवड्यांनी वास हळूहळू बदलायला लागतो, यीस्टकडे झुकतो. तेव्हा जुनं विरजण सोडून, भांडी घासून नव्याने सुरुवात करा.

माश्या आणि चिखल आवरत नाही.

झाकणाखाली, भांड्याच्या तोंडावर, घट्ट विणीचं सुती कापड बांधा. खाद्याची भांडी रोज धुवा, जागा अधूनमधून बदला. बदकांचं पाणी खाद्यापासून पाच-सहा पावलांवर ठेवलं, तर ती चोचीतलं खाद्य थोडं तरी गिळूनच पाण्यापाशी जातात, आणि पाणी कमी घाण होतं. त्याहून लांब नेऊ नका.

दोन-चार दिवस बाहेर जायचं असेल तर?

जो माणूस पक्षी सांभाळायला येणार आहे, त्याच्यावर हे काम टाकू नका. चांगला वास आणि वाईट वास त्याला ओळखता येणार नाही. जायच्या आधी दोन दिवस कोरडं खाद्य थोडं थोडं मिसळत आणा, मग पूर्ण कोरडं ठेवा, बदकांना पाणी मुबलक असू द्या. भांडी रिकामी करून पालथी घाला. चांगल्या खेपेचं वाटीभर पाणी बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं, तर परतल्यावर तेच विरजण कामाला येतं.